कोर्टातल्या सोयी सुधारून घ्यायच्या तर काय करायचं: नागपूरकरांसाठी

पेशीवर आलेल्या माणसाला कोर्टात फार काही लागत नाही हो. आपलं कोर्ट कोणत्या मजल्यावर आहे ते कळावं, बसायला बाक मिळावा, प्यायला पाणी असावं, टॉयलेट उघडं असावं आणि आपला नंबर केव्हा येईल याचा थोडाफार अंदाज यावा. मी नागपुरात वकिली करते, सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा कोर्टात रोजचं आणि आजूबाजूच्या तालुका कोर्टांमध्ये अधूनमधून जाणं असतं, आणि या साध्या गोष्टींपायी लोकांची जी कुचंबणा होऊन राहिली ती बघवत नाही. बार रूममध्ये चहा पिता पिता सगळेच बोलतात, पण लिहून कोणी देत नाही. आणि सरकारी कामात जे लिहून दिलं नाही ते घडलंच नाही असं धरतात, म्हणजे नळ कोरडा आहे हे शंभर जणांनी तोंडी सांगितलं तरी फाईलवर तो नळ चालूच असतो.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. वकील, पक्षकार, लॉ कॉलेजची पोरं, ज्येष्ठ नागरिक मंडळं, कोणीही हे करू शकतं. हायकोर्टात जनहित याचिका टाकायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. लागतो तो नीट लिहिलेला एक कागद, योग्य टेबलावर, योग्य महिन्यात, आणि त्याच्या मागे लागायची तयारी.

पैसा आणि आदेश कुठून येतात ते आधी बघा

कोर्टाच्या इमारतींसाठी केंद्र सरकारची एक योजना १९९३-९४ पासून चालू आहे, त्यातून जिल्हा-तालुका कोर्टांच्या इमारती आणि न्यायाधीशांची निवासस्थानं बांधतात. महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. २०२१ मध्ये ही योजना पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवली तेव्हा एकूण ९००० कोटी ठरले, त्यात केंद्राचे ५३०७ कोटी, आणि तेव्हाच वकिलांचे हॉल, टॉयलेट कॉम्प्लेक्स आणि डिजिटल कॉम्प्युटर रूम या तीन गोष्टी त्यात घातल्या गेल्या. हे लक्षात ठेवा, कारण कोर्टात टॉयलेट मागणं म्हणजे कोणाकडे मेहेरबानी मागणं नाही, ती न्यायव्यवस्था सुधारण्याच्या योजनेतलीच बाब आहे.

दुसरा पैसा कॉम्प्युटरचा. ई-कोर्ट्स प्रकल्पाचा तिसरा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर केला, चार वर्षांसाठी ७२१० कोटी. जुन्या फाईली स्कॅन करणं, ई-फायलिंग, ई-सेवा केंद्रं, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग हे सगळं त्यात येतं. हे दोन पैसे वेगळ्या वाटेने येतात आणि वेगळ्या लोकांच्या हातात असतात, त्यामुळे डिस्प्ले बोर्ड बंद आहे म्हणून बांधकाम खात्याला पत्र पाठवलं तर ते पत्र नुसतं फिरत राहतं.

आदेशांचं म्हणाल तर दोन पुरेसे आहेत. पहिला ऑगस्ट २०१८ चा, ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने दिलेला. कोर्टाच्या आवारात शिरताच नकाशा आणि मदत कक्ष असावा, बसायची व्यवस्था, प्यायचं पाणी, स्वच्छ टॉयलेट, दिव्यांगांसाठी रॅम्प, पाळणाघर, सीसीटीव्ही असावेत, आणि प्रत्येक राज्याने एक वर्षाचा, पाच वर्षांचा आणि दहा वर्षांचा असा तीन पदरी कोर्ट विकास आराखडा करावा असं त्यात सांगितलंय. दुसरा १५ जानेवारी २०२५ चा, राजीब कलिता यांच्या याचिकेवरचा, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी दिलेला. देशातल्या सगळ्या कोर्टांमध्ये पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी या सगळ्यांसाठी टॉयलेट हवीत, आणि त्यावर नजर ठेवायला प्रत्येक हायकोर्टाने समिती नेमावी. त्या समितीत हायकोर्टाचे न्यायमूर्ती, रजिस्ट्रार जनरल, मुख्य सचिव, बांधकाम आणि वित्त खात्याचे सचिव आणि बारचा प्रतिनिधी असावा असंही त्यात आहे. मला विचाराल तर अर्जात हे दोन आदेश टाका आणि थांबा. वीस निकाल जोडले की वाचणारा माणूस पहिल्याच पानावर कंटाळतो.

कोणाचं काम कोणाकडे

संविधानाच्या कलम २३५ प्रमाणे खालच्या कोर्टांवर नियंत्रण हायकोर्टाचं. प्रत्येक जिल्ह्यासाठी हायकोर्टाचे एक पालक न्यायमूर्ती असतात. जिल्ह्यात प्रशासनाचे प्रमुख म्हणजे प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, आणि त्यांच्या हाताखाली प्रबंधक, अधीक्षक, नाझर ही मंडळी. बाक, पंखे, माठ, साफसफाई, किल्ल्या, पाट्या ही रोजची कामं इथेच सुटतात. भिंत, छत, नळाची लाईन, ड्रेनेज, वायरिंग, लिफ्ट, रॅम्प हे सार्वजनिक बांधकाम विभागाचं, त्यातही सिव्हिलचा आणि इलेक्ट्रिकलचा उपविभाग वेगळा. मोठं काम असेल, नवी इमारत किंवा नवा मजला, तर प्रस्ताव हायकोर्टामार्फत मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाकडे जातो.

आपल्याला इथे एक सोय आहे जी मराठवाडा, कोकणवाल्यांनाही आपापल्या परीने आहे पण आपली जुनी आहे. नागपूरला १९३६ मध्ये स्वतंत्र हायकोर्ट झालं, आज जी दगडी इमारत आपण बघतो ती १९४० ची, आणि १९५६ पासून मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ इथे बसतं. विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्याकडे. त्यामुळे प्रशासकीय पत्राची प्रत द्यायला मुंबईला जायचं काम नाही, सिव्हिल लाईन्समध्येच खंडपीठाच्या प्रबंधक कार्यालयात देता येते.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला बहुतेक लोक विसरतात. त्याचे सचिव न्यायिक अधिकारीच असतात आणि त्यांच्याकडे विधी स्वयंसेवक असतात. गेटजवळ मदत कक्ष चालवायचा, कोणाचं कोर्ट कुठे ते सांगायचं, यासाठी नवीन पदं मंजूर व्हायची वाट बघायला लागत नाही, स्वयंसेवकांची पाळी लावली तरी काम होतं. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर होणारी सुधारणा हीच आहे, तेव्हा पहिला अर्ज याचाच करा.

पाहणी कशी करायची

अर्जाआधी पाहणी. आणि ही पाहणी गर्दीच्या दिवशी, गर्दीच्या वेळी करायची, रिकाम्या कोर्टात सगळंच बरं दिसतं.

आधीच एक सांगते, फोन काढून फोटो घेत सुटू नका. कोर्टरूममध्ये तर चालतच नाही, आवारातही परवानगी लागते, आणि एका फोटोपायी तुमचा सगळा मुद्दा बाजूला पडतो, चौकशी तुमचीच होते. वही-पेन घ्या, टेप घ्या, घड्याळ बघा. फोटो पाहिजेच असतील तर पत्रात संयुक्त पाहणी मागा, म्हणजे अधीक्षक, बांधकामचे शाखा अभियंता, बारचा एक प्रतिनिधी आणि तुम्ही असे सोबत फिरता आणि त्याचा पंचनाम्यासारखा कागद होतो. तो कागद शंभर फोटोंपेक्षा कामाचा.

टॉयलेटचं उदाहरण घेऊ. "टॉयलेट घाण आहे" एवढं लिहिलं तर उत्तर येतं "साफसफाई नियमित करण्यात येते." विषय संपला. त्याऐवजी असं बघा: कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला. दाराला आतून कडी आहे का. नळाला पाणी सकाळी अकराला होतं का आणि दुपारी तीनला होतं का. दिवा लागतो का. झाकणाची कचराकुंडी आहे का, सॅनिटरी पॅड टाकायला जागा आहे का. आणि कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. एका तालुका कोर्टात बायकांचं टॉयलेट चांगलं बांधलेलं होतं, टाईल्स वगैरे सगळं, पण त्याची किल्ली एका पुरुष शिपायाकडे असायची आणि तो साहेबांच्या कामाला गेला की गेला. खावटीच्या केससाठी खेड्यावरून आलेली बाई त्याला शोधून "किल्ली द्या" म्हणेल का हो? ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मे महिन्यात, आपल्या इथल्या उन्हात. कागदावर त्या कोर्टात महिलांचं टॉयलेट "उपलब्ध" होतं. नंतर पत्रात एवढंच मागितलं की दाराला आतून कडी लावा, बाहेरचं कुलूप कामकाजाच्या वेळेत काढून ठेवा आणि हे एका महिला कर्मचाऱ्याच्या नावावर द्या, तेवढं झालं, एक रुपयाचं बजेट लागलं नाही.

रॅम्पचंही तसंच. रॅम्प आहे की नाही हे बघून भागत नाही, उतार मोजा. उताराचं मान १ ला १२ आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्यांची उंची समजा ४५ सेंटिमीटर असेल, तर रॅम्प किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब पाहिजे. टेप लावला की कळतं, कित्येक ठिकाणी दोन-अडीच मीटरमध्ये गुंडाळलेला असतो, त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवताच येत नाही, आणि उतरताना तर भीतीच. रॅम्पच्या तोंडाशी टू-व्हीलर लावलेल्या असतात का ते पण लिहा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा न्याय मिळण्याची सोय वेगळ्या कलमात सांगतो, कलम १२, तेवढं अर्जात टाका.

बाकी पाणी, बाक, पंखे यांचं काही कठीण नाही, मजल्याप्रमाणे किती आहेत आणि किती चालू आहेत ते मोजून लिहायचं. गर्दीच्या वेळी किती माणसं उभी आहेत ते जरूर मोजा. उभ्या माणसांचा आकडा वाचणाऱ्याच्या डोक्यात बसतो. पायऱ्यांवर बसलेले वेगळे मोजा.

विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने देशातल्या ६६५ जिल्हा कोर्टांची अशी पाहणी केली होती, २०१९ मध्ये ती आली. पोचायची सोय, आतमधल्या पाट्या, बसायची जागा, स्वच्छता, दिव्यांगांची सोय, डिस्प्ले, सुरक्षा, वेबसाईट असे त्यांनी मुद्दे घेतले होते. आपल्या कोर्टाची पाहणी करताना हेच मुद्दे वहीच्या डाव्या बाजूला लिहून घ्या, काही सुटत नाही.

अर्ज असा लिहा

एक अर्ज, एक विषय, एक पान. पाणी, रॅम्प, पार्किंग आणि बोर्ड एकाच पत्रात घातलं की ते चार टेबलांचं काम होतं आणि चारही टेबलं एकमेकांकडे बोट दाखवतात. नमुना देते, आपल्या परीने बदला:

"मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, नागपूर यांचे सेवेशी. विषय: दुसऱ्या मजल्यावरील महिलांच्या प्रसाधनगृहात दुपारी पाणी नसणे व आतून कडी नसणे याबाबत. महोदय, मी या न्यायालयात पक्षकार म्हणून येते. दिनांक अमुक आणि अमुक रोजी दुपारी तीन वाजता वरील प्रसाधनगृहात पाणी नव्हते. दोनपैकी एका दाराला आतून कडी नाही. त्यामुळे महिला पक्षकार, वकील व कर्मचारी यांची गैरसोय होते. मा. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ जानेवारी २०२५ च्या आदेशात प्रत्येक न्यायालयात प्रसाधनगृहाची सोय देण्याबाबत निर्देश आहेत. तरी कडी तात्काळ बसविण्यात यावी, पाण्याच्या टाकीबाबत बांधकाम विभागास कळविण्यात यावे, आणि झालेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी मिळावी, ही विनंती."

बघा यात रागाचा एक शब्द नाही. "तात्काळ" फक्त कडीसाठी आहे, टाकीसाठी नाही, कारण टाकीला वेळ लागतो हे वाचणाऱ्यालाही माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे हे त्याला दिसलं की तो तुमचं पत्र मनावर घेतो. शेवटची ओळ विसरू नका, लेखी माहिती मागितली की कोणाला तरी उत्तर तयार करावं लागतं.

पत्र आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. प्रत बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि जिल्हा वकील संघाला. वकील संघाचा ठराव मागून जोडता आला तर फारच चांगलं.

आणि हे मी हात जोडून सांगते: या पत्रात तुमच्या केसबद्दल एक अक्षर लिहू नका. केस नंबर नको, "माझी केस लांबली" नको, कोणत्या साहेबांच्या कोर्टात आहे ते नको. चालू प्रकरणाबद्दल न्यायाधीशांना असं बाहेरून लिहिणं चुकीचंच आहे आणि तुमचा सोयींचा अर्जही त्यामुळे बाजूला टाकतील. तारखेवर तारीख पडून राहिली असेल तर त्याचा अर्ज तुमच्या केसमध्येच, वकिलामार्फत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ मध्ये एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं म्हटलंय, तो मुद्दा तिथे मांडायचा.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार

महिनाभर थांबा. मग माहितीचा अर्ज टाका. बांधकाम विभागासाठी राज्याचे नियम लागतात: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, १५० शब्दांच्या आत. कोर्टासाठी हायकोर्टाचे स्वतःचे नियम आहेत, कलम २८ खाली केलेले, त्यामुळे कोर्टाचा विहित नमुना माहिती अधिकाऱ्याकडून घ्या, साध्या कागदावर लिहून परत येऊ नका. ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे.

"टॉयलेट का बांधलं नाही" असं विचारू नका, "का" ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कागद मागा. म्हणजे आमच्या अमुक तारखेच्या पत्रावरच्या टिपणीची प्रत. या इमारतीच्या देखभालीवर गेल्या दोन आर्थिक वर्षांत झालेल्या खर्चाची कामनिहाय यादी. साफसफाईच्या कंत्राटाची प्रत आणि त्यात दिवसातून किती वेळा सफाई लिहिलीय ते पान. कर्मचाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती. आणि कलम २ (ञ) खाली कामाची प्रत्यक्ष पाहणी मागता येते, हे फार कमी लोक वापरतात, खरं तर सगळ्यात जोरदार हत्यार तेच आहे, कारण पाहणीची तारीख ठरली की त्याच्या आदल्या आठवड्यात बरीच कामं होऊन जातात.

एक आणखी विचारा, आपल्या जिल्ह्यात कोर्ट मॅनेजर आहे का आणि त्याला कोणतं काम दिलंय. तेराव्या वित्त आयोगाच्या पैशातून ही पदं आली, कोर्टाचं व्यवस्थापन न्यायाधीशांच्या डोक्यावरून कमी व्हावं म्हणून. न्यायाधीशाने निकाल लिहायचा की पाण्याच्या टाकीचं बघायचं? मे २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई (ते अमरावतीचे आणि इथेच नागपूर खंडपीठात वकिली केलेले) यांच्या खंडपीठाने सगळ्या हायकोर्टांना कोर्ट मॅनेजरांसाठी नियम करायला आणि काम करत असलेल्यांना नियमित करायला सांगितलं. माणूस आहे पण त्याच्याकडे नुसत्या तक्त्यांचं टायपिंग दिलंय असं दिसलं तर तो मुद्दा लावून धरा.

बोर्ड, नक्कल, समन्स: कामकाजाच्या सुधारणा

इमारतीपेक्षा इथे माणसाचा जास्त दिवस वाया जातो. सकाळी आलेला माणूस संध्याकाळपर्यंत पुकाऱ्याची वाट बघतो आणि शेवटी नुसती तारीख घेऊन उमरेडची नाहीतर काटोलची एसटी धरतो, त्याची त्या दिवसाची मजुरी गेली.

आधी स्वतःपुरतं करा. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. तो वकिलाकडून घेऊन घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये टाकला की पुढची पेशी, मागचे आदेश सगळं दिसतं. साधा फोन असेल तर इंग्रजी अक्षरांत ईकोर्ट्स, मग एक स्पेस, मग सीएनआर असा एसएमएस ९७६६८९९८९९ वर पाठवा. ई-सेवा केंद्रातही विचारता येतं, नकलेचा (म्हणजे आदेशाच्या प्रमाणित प्रतीचा) ऑनलाईन अर्ज, ई-फायलिंगला मदत, जेलमधल्या माणसाच्या ई-मुलाखतीची वेळ हे तिथे होतं. ई-रिसोर्स सेंटर या प्रकाराची देशातली सुरुवातच नागपुरातून झाली, ३१ ऑक्टोबर २०२० ला, न्याय कौशल या नावाने, तेव्हा सरन्यायाधीश आपल्याच नागपूरचे शरद बोबडे होते. ज्या शहरातून ही सुरुवात झाली तिथल्या पक्षकाराला ई-सेवा केंद्र कुठल्या खोलीत आहे ते सापडू नये हे मनाला लागतं, म्हणून गेटवर त्याची मोठी मराठी पाटी मागा.

मग मागण्या. बोर्डाचे (म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीचे) दोन भाग करा ही माझी सगळ्यात आवडती मागणी आहे: पुराव्याच्या केसेस एका सत्रात आणि नुसत्या हजेरीच्या, तारखेच्या केसेस एका ठरलेल्या तासात, आणि ते बोर्डावर छापलेलं. याला पैसा लागत नाही. पण हे न्यायाधीशांच्या अधिकारातलं आहे, तेव्हा मागणीचा सूर सूचनेचा ठेवा आणि वकील संघामार्फतच द्या, कारण वकील एकाच वेळी तीन कोर्टांत असतात आणि त्यांची सोय बघितल्याशिवाय कोणतंही वेळापत्रक दोन दिवस टिकत नाही.

आकडे लागतील तर नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड ही कोर्टांच्या केसेसचे आकडे देणारी वेबसाईट उघडा, लॉगिन लागत नाही. महाराष्ट्र, मग नागपूर निवडा, किती वर्षं जुन्या किती केसेस आहेत, कोणत्या टप्प्यावर अडकल्यात ते दिसतं. समन्स बजावणीच्या टप्प्यावर जास्त अडकल्या असतील तर मागणी बेलिफांच्या (समन्स नेऊन देणाऱ्यांच्या) रिकाम्या पदांची करा. बेलिफांना मोबाईलवर बजावणीची नोंद करायची एनस्टेप नावाची व्यवस्था ई-कोर्ट्समधून दिलेली आहे, ती किती वापरली जाते ते माहिती अधिकारात विचारा. पुराव्यावर अडकल्या असतील तर स्टेनोंची पदं बघा, स्टेनो नसला की साक्ष पुढे जात नाही, साक्षीदार मात्र चंद्रपूरवरून येऊन परत जातो.

नक्कल विभागासाठी एकच मागा: अर्जाच्या पावतीवर नक्कल मिळायची तारीख, आणि तयार झालेल्या नकलांची यादी बाहेर लावलेली. लोकांच्या अर्ध्या खेपा वाचतील.

लहान मुलांच्या आणि अत्याचाराच्या केसेससाठी वेगळी साक्ष खोली असायला पाहिजे, सुप्रीम कोर्टाने ११ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ते सांगितलंय. नुसती खोली असून उपयोग नाही. तिथे जायची वाट आरोपीच्या समोरून जाते का, ते जाऊन बघा, आणि जात असेल तर अर्जात तेच पहिलं वाक्य करा.

कोणत्या महिन्यात काय

पाणी आणि कूलरचा अर्ज जानेवारीत. एप्रिलमध्ये दिला तर मंजुरी येईपर्यंत नवतपा सुरू होतो. कूलरच्या ताट्या बदलणं, वॉटर कूलरची सर्व्हिस, जादा माठ हे सगळं उन्हाळ्याच्या आधी मागायचं.

गळती, ड्रेनेज, वायरिंगचं पत्र मार्चच्या आत. इमारतीच्या बाहेरची कामं पावसाळ्यात होत नाहीत, आणि दिवाणी कोर्टांना उन्हाळ्याची सुटी असते तेव्हा आतली तोडफोड करायला मोकळीक मिळते.

मोठ्या कामाचा प्रस्ताव दिवाळीआधी वर गेलेला पाहिजे, पुढच्या बजेटसाठी. आणि डिसेंबरात आख्खं सरकार आपल्या दारात येतं, विधानभवन कोर्टापासून काही लांब नाही. हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडतात. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, म्हणून आमदारांना पत्र ऑक्टोबरमध्येच भेटून द्या, सोबत पोच असलेल्या पत्राची प्रत आणि माहिती अधिकाराचं उत्तर. अधिवेशन चालू असताना निवेदन दिलं तर फोटो निघतो, काम मात्र निघत नाही.

काम झाल्यावर

काम झालं की लोक पांगतात, आणि तिथेच चुकतं. बांधकाम विभागाच्या कंत्राटात दोषदायित्व कालावधी असतो, त्या काळात टाईल उखडली, नळ गळला, रॅम्प खचला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. तो कालावधी केव्हा संपतो ती तारीख कंत्राटाच्या प्रतीवरून काढा आणि संपायच्या दोन महिने आधी परत वही-टेप घेऊन फिरा, जे काही दिसेल ते कार्यकारी अभियंत्याला लेखी द्या, प्रत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना. टॉयलेटच्या दारावर सफाईचा तक्ता लावून घ्या, वेळ आणि सही असलेला, आणि तक्रार कोणाला करायची त्याचं पद आणि कार्यालयाचा फोन नंबर त्याच्या खाली, मराठीत आणि हिंदीत, कारण आपल्या कोर्टात छिंदवाडा-शिवनीकडचे पक्षकार पण येतात.